अर्धी वाटी विरजण

मैना : हे तुमचं नेहमीचं नाही, जरीनाभाभी.

जरीना : दही आहे. पांढरं आहे, वाटीत आहे. आणखी काय नेहमीचं हवं?

मैना : चमचा बुडवून वर उचला. बघा, तार येते.

जरीना : थंडीत येते कधीकधी. आत ये आधी. दारात उभी राहून दह्याची झडती घेऊ नकोस, लोकांना वाटेल आमच्यावर धाड पडली.

मैना : आत नको. इथून आमचं दार दिसतं. उघडं ठेवून आलेय. सर्जा पलंगावर झोपलाय, तो दिसत राहिला पाहिजे.

जरीना : मग बोल उभ्यानं.

मैना : तुमच्या विरजणाचं दही रात्री लावलं की सकाळी कवडी पडलेली असते. आंबट इतकं, की दिगंबर साखरेचा डबा घेऊनच बसतो. हे रात्री लावलं, तर दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी दूध ते दूधच. संध्याकाळी कुठे जरा थरथरायला लागलं. आणि आंबट नाहीच. गोडसर आहे.

जरीना : जानेवारी चालू आहे. डब्याला टॉवेल गुंडाळायचा, पिठाच्या डब्यात ठेवायचा. हे मी सांगायचं का तुला? बी.एस्सी. तू झालीस.

मैना : टॉवेल गुंडाळला होता.

जरीना : मग दूध बदललं असेल.

मैना : दूध तेच, पिशवी तीच, पातेलंही तेच. मी उकळताना तिथेच उभी असते, माहितीये तुम्हाला. बदललं ते फक्त विरजण.

जरीना : बदललं म्हणजे?

मैना : परवा मी चमचाभर मागितलं. तुम्ही नेहमी चमचाभरच देता, वर ऐकवता की हात जड ठेवू नकोस, दही चिडतं. परवा मात्र अर्धी वाटी दिलीत. म्हणालात, आज जरा जास्तच घाल.

जरीना : जास्त दिलं म्हणून भांडायला आलेली तू पहिलीच.

मैना : भांडत नाही. विचारतेय. विरजण कुठलं होतं?

जरीना : घरचं.

मैना : आणि घरात कुठून आलं?

जरीना : माहीत नाही तुला? सासूबाईंनी दिलेलं, मिरजेहून निघताना. बरणी मांडीवर घेऊन एसटीनं आले मी. स्वारगेटला उतरेपर्यंत नव्या साडीवर निम्मं सांडलं होतं. उरलेल्या निम्म्यावर माझा संसार चाललाय. आख्ख्या बिल्डिंगला सांगून झालीय ही गोष्ट.

मैना : म्हणून तर विचारते. परवाचं तेच होतं का?

जरीना : तुला कोणी पाठवलंय?

मैना : कोणी म्हणजे?

जरीना : हा प्रश्न तुझा वाटत नाही मला. घरात कुठून आलं, कोणाच्या हातचं, भांडं कुठलं. मी ओळखते हे प्रश्न, मैना. शाळेत डबा खाताना ऐकलेत, भाड्याचं घर बघताना ऐकलेत. खालच्या आनंदीबाईंनी पाठवलं का?

मैना : त्यांचा काय संबंध?

जरीना : सदाशिव पेठ सोडून इथे धायरीत राहायला आल्या, पण पेठ बरोबर घेऊन आल्या ना. जिन्यात भेटल्या की मोजून दोन शब्द बोलतात. ईदचा शिरखुर्मा नेला तेव्हा म्हणाल्या, 'आमच्याकडे डायबेटिस आहे.' घरात एकट्या राहतात. डायबेटिस कोणाला आहे ते सांगितलं नाही.

मैना : भाभी, सर्जाचं अंग गरम लागतंय.

जरीना : किती?

मैना : नव्व्याण्णवच्या वर. शंभरला टेकलं नाही अजून. जेवणानंतर हाताला लागलं, तेव्हापासून लावून बघतेय. हळूहळू वर जातंय.

जरीना : मग माझ्या दारात काय करतेस? डॉक्टरांना फोन लाव.

मैना : लावणारच आहे. त्या पहिल्यांदा विचारतील, काय खाल्लं. भात मी शिजवला, पाणी मी उकळलं. टँकरचं असो नाहीतर खडकवासल्याचं, दोनदा उकळते. घरात एकच गोष्ट अशी आली जी मी केलेली नाही. तुमची अर्धी वाटी.

जरीना : आणि ते दही पोरानं खाल्लं?

मैना : काल रात्री खाल्लं. आज सकाळी पुन्हा मागितलं. त्या औषधांनी तोंडात फोड आलेत त्याच्या, पाणी गिळतानाही रडतो. हे आंबट नव्हतं, झोंबलं नाही. 'आई, अजून' म्हणाला. कितीतरी दिवसांनी 'अजून' म्हणाला, म्हणून मी दिलं. तारही बघितली होती मी. बघूनही दिलं.

जरीना : अगं, दह्यानं कुठे ताप येतो? दही तर तुझ्याच डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलंय. तूच म्हणालीस.

मैना : उकळलेल्या दुधाचं, घरचं, ताजं. एवढंच चालेल म्हणाल्या. आणि त्याच दमात सांगितलं, त्या चांगल्या जंतूंच्या पावडरी, कॅप्सूल असतात ना, पोटासाठी मिळतात, त्या मात्र अजिबात नकोत.

जरीना : का? ते तर चांगले असतात. नावच चांगले जंतू.

मैना : तुम्हाला मला. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी आहेत राखण करायला. त्याच्या कॅन्सरच्या औषधांनी त्या पेशी खाली आणून ठेवल्यात. त्यात दंडात ती नळी, थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. तोंडात फोड, आतड्यातही असतील. जंतू चांगला असो की वाईट, रक्तात शिरला तर त्याला अडवायला कोणी नाही. वॉर्डात शेजारच्या पलंगावरच्या बाळाची आजी अशी एक पुडी फोडत होती. नर्सनं हात धरून बाहेर नेलं तिला. म्हणाली, इथे फोडायचीसुद्धा नाही, पूड उडते, हाताला लागते आणि त्याच हातानं नळीला हात लागतो.

जरीना : नुसती फोडली तरी?

मैना : नुसती फोडली तरी.

जरीना : आणि समजा ती दुधात घातली. म्हणजे पूड उडालीच नाही. दुधातच गेली. तर?

मैना : दुधात कशाला घालेल कोणी?

जरीना : मी आपलं विचारतेय.

मैना : भाभी, तुम्ही कधी काही 'आपलं विचारत' नाही.

जरीना : सिराजला दाढेच्या वेळी त्या दाताच्या डॉक्टरनं दिल्या होत्या तसल्या कॅप्सूल. अँटिबायोटिकबरोबर, पोट बिघडू नये म्हणून. काही झालं नाही त्याला. उलट भूक वाढली.

मैना : सिराजभाईंची दाढ दिवाळीच्या आधी काढली. कॅप्सूल उरल्या होत्या?

जरीना : उरतातच थोड्या. औषध कोण पूर्ण घेतं.

मैना : कुठे आहेत?

जरीना : फ्रिजच्या दारात. होत्या.

मैना : होत्या म्हणजे आता नाहीत. माझ्याकडे बघून सांगा. परवाच्या वाटीत काय होतं?

जरीना : दहीच होतं, मैना. खरंच दही होतं. आम्ही घरच्यांनी खाल्लं, तेच मी तुला दिलं. वेगळं काही काढून दिलं नाही.

मैना : ते दही कशानं लावलं होतं?

जरीना : नाताळच्या सुट्टीत मिरजेला गेलो होतो ना, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला. इकडे फ्रिज बंद पडला. परत आलो तर बरणीत गुलाबी बुरशी. वास असा, की सिराज बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सासूबाईंचं विरजण गेलं. त्याही गेल्या, आता विरजणही गेलं. मी ती बरणी तशीच दोन दिवस ठेवली ओट्यावर. घासवेना.

मैना : आणि मग कॅप्सूल.

जरीना : फोनवर एक बाई दाखवत होती. कॅप्सूल उघडायची, कोमट दुधात पूड ढवळायची, की दही. पहिल्या दिवशी लागलंच नाही. मग दोन घातल्या. मग लागलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. भांडं हलवून बघितलं, तर हललं नाही.

मैना : मी मागायला आले तेव्हा हे सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?

जरीना : होतं. उघडलंही होतं. तू काय म्हणालीस आठवतंय? 'भाभी, सर्जाला बाहेरचं काही देत नाही, फक्त तुमच्या विरजणाचं दही देते. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास आहे.' त्यावर मी काय सांगू, की ते मेलं, हे दुकानातलं आहे? आणि मला वाटलं, अशक्त पोर आहे, त्याला तर हे जास्तच चांगलं. पाकिटावर हसऱ्या पोराचं चित्र आहे, मैना. माझी अक्कल तेवढीच चालली.

मैना : मी डोळे मिटून कशावरच विश्वास ठेवत नाही. ते उगाच म्हटलं होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. थांबा. फोन लावते. तुम्ही ते पाकीट शोधा. कचऱ्यात असलं तरी शोधा. नाव हवंय.

जरीना : कचरा सकाळीच गेला. पण थांब, एक पट्टी अर्धी होती. मसाल्याच्या डब्यामागे सरकली असेल. बघते.

मैना : हॅलो. डॉक्टर मॅडम, मी सर्जेरावची आई बोलतेय. तिसऱ्या नंबरच्या पलंगावर होता तो.

डॉक्टर : ओळखलं. गेल्या आठवड्यात उकळलेलं पाणी पुन्हा उकळावं का विचारायला फोन केला होतात. बोला.

मैना : ताप येतोय. म्हणजे येईल असं वाटतंय.

डॉक्टर : तुम्हाला काय वाटतं ते नको. थर्मामीटरला काय वाटतं?

मैना : आत्ता पुन्हा लावते. चालत चालत बोलतेय, दोन मिनिटं. सर्जा, हात वर कर बाळा. नाही, सुई नाही. आईनं कधी सुई टोचलीय? मॅडम, आणखी एक सांगायचंय. त्यानं दही खाल्लं.

डॉक्टर : खाऊ दे. घरचं ना?

मैना : घरचं. पण शेजारच्यांच्या विरजणाचं. आणि ते विरजण त्यांनी कॅप्सूलमधून केलं होतं. प्रोबायोटिकची कॅप्सूल.

डॉक्टर : काय केलं?

मैना : कॅप्सूल फोडून दुधात घातली. दही लावलं. त्यातलं विरजण मला दिलं. मी त्याचं पुन्हा दही लावलं. ते सर्जानं खाल्लं. मला माहीत नव्हतं.

डॉक्टर : पुण्यातल्या बायका काय करतील नेम नाही. कॅप्सूलचं नाव?

मैना : शोधतायत. भाभी, मिळालं का?

जरीना : मिळालं, मिळालं. आले मी. चष्मा नाहीये. बारीक आहे फार. तू वाच.

मैना : लॅक्टोबॅसिलस. पुढे ऱ्हॅम्नोसस. स्पीकरवर टाकते मॅडम, त्याही इथेच आहेत.

डॉक्टर : बाई, आणखी काही नाव आहे का त्यावर? मागच्या बाजूला बघा. मागची बाजूही वाचायची असते.

जरीना : नाही मॅडम. मागे फक्त 'थंड जागी ठेवा'.

डॉक्टर : किती खाल्लं त्यानं?

मैना : काल रात्री छोटी वाटी. आज सकाळी तेवढंच. मॅडम, ते रक्तात गेलं असेल का?

डॉक्टर : बहुतेक नाही. ऐका नीट, उगाच रडू नका. हा जंतू काही विष नाही. जुलाब झालेल्या धडधाकट पोरांना मी स्वतः लिहून देते, अँटिबायोटिक चालू असलं की देते. तुमच्या शेजारच्या बाई त्याचं दही रोज खातील, त्यांना काही होणार नाही. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, पेशी खाली आहेत आणि नळी आहे. असं झालेलं फार क्वचित बघितलंय. पण बघितलंय.

मैना : म्हणजे होऊ शकतं.

डॉक्टर : क्वचित म्हटलं की तुम्हाला फक्त 'होऊ शकतं' ऐकू येतं. ताप किती?

मैना : शंभर पॉइंट दोन.

डॉक्टर : निघा.

मैना : तुम्ही शंभर पॉइंट चार म्हणाला होतात.

डॉक्टर : तेव्हा मला दही माहीत नव्हतं. निघा. तापाची गोळी देऊ नका, ताप लपतो. इथे आल्यावर नळीतलं रक्त घेऊ आणि हातातलंही घेऊ, दोन्हीकडे काही वाढतंय का बघू. आणि हे बघा, अशा पोरांना ताप आला, नळीवर संशय असला, की आम्ही जी औषधं सुरू करतो त्यातलं एक या जंतूवर अजिबात चालत नाही. त्यावर भिस्त ठेवून बसलो असतो, तर वेळ गेला असता. दुसरं साधं औषध याच्यावर चालतं. म्हणून नाव महत्त्वाचं. पट्टी बरोबर आणा.

मैना : आणि दही? फेकून देऊ?

डॉक्टर : फेकता कशाला? घट्ट झाकणाच्या डब्यात आणा. पट्टीवर लिहिलंय तेच आत असतं असं मी धरून चालत नाही. डबा मुलाजवळ ठेवू नका, नळीला हात लावायच्या आधी साबणानं हात. शेजारच्या बाई अजून आहेत का फोनवर?

जरीना : आहे मॅडम.

डॉक्टर : सांगितलंत ते बरं केलंत. आणखी जरा आधी सांगितलं असतंत तर आणखी बरं झालं असतं. ठेवते.

जरीना : बरोबर बोलल्या त्या.

मैना : रिक्षा बघा ना फोनवर. मी याला टोपी घालते.

जरीना : बघतेय. सिंहगड रोडला लाल आहे सगळं. दहा मिनिटं दाखवतोय. दिगंबरला कळवलं?

मैना : तो चाकणला, शिफ्ट चालू. मेसेज टाकला. पिशवी भरलेलीच असते माझी, दाराशी. फाइल, थर्मामीटर, त्याची चादर. चला, बाळा, भुर्र जायचंय. नाही, लगेच येऊ परत. भाभी, खरं सांगा, आणखी काही सांगायचं राहिलंय का? आत्ताच सांगा. तिथे गेल्यावर आठवलं असं नको.

जरीना : दह्याबद्दल काही नाही.

मैना : मग कशाबद्दल आहे?

जरीना : जाऊ दे. पोर आजारी आहे.

मैना : भाभी.

जरीना : तू मघाशी विचारायला हवं होतंस आणि विचारलं नाहीस, ते आहे.

मैना : काय?

जरीना : की बाई, विरजण गेलं तर गेलं, दारोदार मिळतं, मागायचं कोणाकडे तरी. कॅप्सूल कशाला फोडलीस? हे विचारलं नाहीस.

मैना : माझ्याकडे नव्हतंच. आम्हीही तेव्हा हॉस्पिटलात होतो.

जरीना : तुझ्याकडे नव्हतं. पण माझ्या सासूबाईंचं विरजण या बिल्डिंगमध्ये अजून जिवंत आहे. रोज लागतंय. खाली, पहिल्या मजल्यावर.

मैना : तुम्हाला कोणी सांगितलं?

जरीना : त्यांनीच. पावसाळ्यात जिन्यात भेटल्या, मोजलेले दोन शब्द सोडून चार जास्त बोलल्या. म्हणाल्या, 'त्या मैनाचं विरजण काय सुरेख आहे हो, आमच्या पेठेत असं मिळत नव्हतं. तिच्या माहेरचं आहे म्हणे.' मी म्हटलं, हो का, वा.

मैना : त्यांनी मागितलं तेव्हा मी दिलं. कुठलं ते विचारलं त्यांनी. माझ्या तोंडून माहेरचं असं गेलं. तुमचं म्हटलं असतं तर घेतलं नसतं त्यांनी, आणि मग जिन्यात तुम्ही दोघी, मध्ये मी. मला नको होतं ते.

जरीना : मला राग नाही आला तेव्हा. हसूच आलं. म्हटलं, खातायत ना रोज, खाऊ देत. पण बरणीत बुरशी आली त्या दिवशी मी वाटी घेऊन जिना उतरले होते. त्यांच्या दारापर्यंत गेले. बेलवर बोट ठेवलं. काय म्हणून मागू? माझं म्हणून मागितलं तर तू खोटी पडतेस. मैनाचं म्हणून मागितलं तर माझ्या सासूबाईंचं विरजण मी तुझ्या नावानं भीक मागतेय. वर आले आणि फ्रिजच्या दारातून कॅप्सूल काढली.

मैना : हे तुम्ही आता सांगताय.

जरीना : तू विचारलंस म्हणून. रिक्षा वळली बघ गल्लीत. दह्याचा डबा माझ्याकडे दे, तू पोराला घे. मी येतेय बरोबर. नाही म्हणू नकोस.

मैना : नाही म्हणत नाही. दाराला कुलूप लावा. आणि पहिल्या मजल्यावर एक मिनिट थांबायचंय मला.

जरीना : आत्ता? वेडी आहेस का? पोराला ताप आहे.

मैना : म्हणूनच. नंतर हिंमत होणार नाही.

(काही दिवसांनी, फोनवर. मैना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, जरीना आपल्या स्वयंपाकघरात.)

जरीना : बोल. आधी ते सांग.

मैना : रक्तात काही वाढलं नाही. नळीतल्या नाही, हातातल्या नाही.

जरीना : अल्ला. पुन्हा म्हण.

मैना : काही वाढलं नाही. सर्दीचा व्हायरस निघाला नाकात. शेजारच्या वॉर्डातही तोच आहे. आमच्याकडे दिगंबरला शिंका येत होत्या, तो म्हणत होता धूळ आहे. आता घरात मास्क लावून बसलाय.

जरीना : आणि ताप?

मैना : कालपासून नाही. पेशी वर यायला लागल्यात. परवा सोडतील म्हणतात. मी विचारलं, म्हणजे दह्याचा काही संबंध नव्हता हे नक्की? मॅडम म्हणाल्या, नक्की हा शब्द देवळात मिळतो, माझ्याकडे रिपोर्ट मिळतो.

जरीना : जिभेला धार आहे बाईंच्या. दह्याचं काय निघालं?

मैना : पट्टीवर एकच नाव होतं, दह्यात दोन निघाले. दुसरा साधा, दह्यातलाच नेहमीचा. पट्टीतून आला की तुमच्या पातेल्यातून, ते कळत नाही म्हणाल्या. मी ते लिहून घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच डॉक्टर व्हा.

जरीना : मैना, यापुढे माझ्या घरचं देऊ नकोस त्याला. मी वाईट वाटून घेणार नाही.

मैना : पेशी पूर्ण वर येईपर्यंत कोणाच्याच घरचं नाही देणार. माझ्याही नाही. दही बंद. त्यानंतर तुमचं देईन. पण आधी विचारेन, कुठून आलं. प्रत्येक वेळी विचारेन. चालेल?

जरीना : विचार. मीच सांगेन तू विचारायच्या आधी. ऐक, तुला एक सांगायचं होतं. त्या आल्या होत्या.

मैना : कोण? आनंदीबाई? वर?

जरीना : वर. दोन जिने चढून, गुडघे धरून. आज सकाळी. तू त्या दिवशी काय सांगितलंस त्यांना? मी रिक्षात बसले होते, मला ऐकू आलं नाही.

मैना : सर्जा खांद्यावर होता, लांबण लावायला वेळ नव्हता. म्हटलं, तुमच्याकडे आहे ते विरजण माझ्या माहेरचं नाही, जरीनाभाभींच्या सासरचं आहे. मी खोटं बोलले. त्यांचं मेलंय, तुमच्याकडचं टाकू नका. एवढंच.

जरीना : त्या काय म्हणाल्या?

मैना : काही नाही. सर्जाकडे बघितलं आणि म्हणाल्या, याचे पाय उघडे आहेत, शाल घाला. दार लावून घेतलं. मला वाटलं त्याच मिनिटाला मोरीत ओतलं असणार. तुम्हाला काय म्हणाल्या?

जरीना : मी दार उघडलं. हातात स्टीलची वाटी, वर झाकणी. म्हणाल्या, 'तुमचं विरजण. चमचाभरच घाला, जास्त घातलं की बिघडतं.' हे मला सांगतायत. सासूबाईंचं वाक्य, शब्दाला शब्द.

मैना : आत आल्या?

जरीना : नाही. मी या म्हटलं. म्हणाल्या, गॅसवर दूध आहे. मग वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथूनच म्हणाल्या, 'वाटी सेटमधली आहे. परत हवी.'

मैना : वाटी परत हवी म्हणाल्या?

जरीना : परत हवी म्हणाल्या. मी दही लावलं, दुपारी बघितलं तर कवडी. चाखलं, डोळे मिटले इतकं आंबट. वाटी घासून ठेवलीय ओट्यावर. पण रिकामी कशी देऊ? तुमच्यातही देत नाहीत, आमच्यातही देत नाहीत.

मैना : साखर घाला चिमूटभर.

जरीना : साखर काय, कोणीही घालतं. मी सकाळपासून विचार करतेय, वाटी समोर ठेवून. माझ्या घरचं असं काय आहे, जे ती बाई न विचारता तोंडात घालेल?

मैना : दही.